फायटर आजारी पडला? आधी पाणी बघा, मग औषध

फायटर मासा तळाशी पडून राहिला, पर मिटून बसला, समोरून जाणारा दाणाही त्याने सोडून दिला, की बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कुणीतरी मत्स्यालयाच्या दुकानात धावतं, तिथून निळ्या औषधाची बाटली येते आणि अंदाजाने दहा-बारा थेंब टाकीत पडतात. दोन दिवसांनी मासा गेला की औषधाला उशीर झाला असं वाटतं. बऱ्याचदा ज्या पाण्याने तो आजारी पडला, त्याच पाण्यात औषध ओतलेलं असतं. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून साचलेला अमोनिया, गार पाणी किंवा एका झटक्यात बदललेलं पाणी, या तिन्हींतलं एखादं कारण जवळजवळ प्रत्येक आजाराच्या मुळाशी सापडतं. ते तसंच राहिलं तर कुठलंही औषध लागू पडत नाही.

फायटर मूळचा थायलंड आणि त्याच्या आसपासच्या भातखाचरांतला, उथळ आणि उबदार पाण्यातला. त्याला कल्ल्यांखेरीज लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेऊ शकतो. म्हणून तो वाटीएवढ्या भांड्यातही तग धरतो आणि त्याला तेवढं पुरतं असा समज होतो. पण श्वास हवेतून मिळाला तरी घाण पाण्यातला अमोनिया कल्ल्यांना जाळायचा थांबत नाही.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा

काहीही ओतण्याआधी खुर्ची ओढून टाकीसमोर बसा. मासा वरच्या थराला चिकटून धापा टाकतोय का? कल्ल्याची झाकणं नेहमीपेक्षा भराभर हलतायत का, आतला भाग लालभडक दिसतो का? असं असेल तर संशय आधी अमोनियावर. अंगावर आडवे फिके पट्टे उमटले असतील तर तो ताणाखाली आहे. एकाच कुशीवर पडतोय, बुडबुड्यासारखा वर तरंगतोय की दगडासारखा खाली जातोय, हेही टिपून ठेवा.

मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून मारलेल्या उजेडात जे दिसत नाही ते तिरक्या उजेडात दिसतं: डोक्यामागे सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी चमक, पाठीवरचा राखाडी पट्टा, पराच्या कडेची काळी किंवा लाल रेघ. शेवटी वरून बघा. खवले अंगाला चपटे बसलेले आहेत की देवदाराच्या फळासारखे उभे राहिलेत, ते फक्त वरूनच नीट कळतं. विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी लांब असेल तर पोट बिघडलंय. दोन-तीन फोटो काढून ठेवा. उद्या फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडू नका.

पाण्याचं काम

थेंबांचं टेस्ट किट असेल तर अमोनिया, त्यापासून पुढे बनणारे नायट्राइट आणि नायट्रेट, आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवं. नायट्रेट 20 पीपीएमच्या (लिटरला 20 मिलिग्रॅमच्या) आत असावं, 40 च्या वर गेलं तर पाणी बदलण्यात हयगय झाली आहे. किट नसेल तर आणायला थांबू नका, आजच 30 टक्के पाणी बदला.

सगळं पाणी ओतून टाकी धुवून काढायची घाई मात्र नको. महिनोन् महिने न बदललेलं पाणी आम्ल होत जातं. आम्ल पाण्यात अमोनियाचा बराचसा भाग अमोनियम या सौम्य रूपात असतो. त्यात बोअरवेलचं अल्कली पाणी एकदम ओतलं की पीएच चढतो आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया बनतं. सकाळपर्यंत बरा दिसणारा मासा पाणी बदलल्यावर तासाभरात उलटा पडतो तो यामुळे. जुन्या, साचलेल्या टाकीत म्हणून 20-25 टक्के पाणी सकाळी आणि तेवढंच संध्याकाळी, असं दोन-तीन दिवस बदला. पाणी नियमित बदललं जात असेल आणि तरी अमोनिया 0.5 पीपीएमच्या वर आला, तर पहिल्याच दिवशी निम्मं बदलायला हरकत नाही. त्यानंतर रीडिंग शून्यावर येईपर्यंत रोज 30 टक्के.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीन वापरा, मात्रा बाटलीवर लिहिलेलीच. रात्रभर उघड्या बादलीत ठेवूनही साधं क्लोरीन उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ येऊ लागलं की क्लोरीनची मात्राही वाढवली जाते, त्या दिवसांत नुसत्या रात्रभराच्या बादलीवर विसंबू नका. टँकरचं पाणी दर खेपेला वेगळं असतं, त्याचा पीएच मोजल्याशिवाय टाकीत घालू नका. आरओचं पाणी शुद्ध म्हणून चांगलं, हाही गैरसमजच. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच वर-खाली होत राहतो. पाणी फार जड असेल तर आरओ आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं करा, निव्वळ आरओ नको.

फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुणं ही आणखी एक नेहमीची चूक. अमोनिया पचवणारे जीवाणू त्याच स्पंजमध्ये राहतात आणि क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात स्पंज दोनदा पिळला की पुरे.

आता उष्णता. फायटरला 25 ते 28 अंश सेल्सियस लागतं, आणि ते रात्रंदिवस सारखं. पुणे, नाशिक, नागपूरकडच्या थंडीत रात्री पाणी 20 च्या खाली सहज उतरतं. त्याने पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती घसरते आणि पोट फुगणं, पर कुजणं इथूनच सुरू होतं. 10 ते 20 लिटरला 25 वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर, फार गार घरात 50 वॉटचा. पाणी उपसण्याआधी पंधरा मिनिटं प्लग काढा. तापलेली नळी उघडी पडली की काच तडकते. वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन वर यायला हवी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकतं. वीज गेली तर टाकीला तिन्ही बाजूंनी थर्मोकोल लावा आणि गरम पाण्याची बंद बाटली आत तरंगत ठेवा. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे उलट संकट: पाणी 32 च्या वर जातं. तेव्हा पृष्ठभागावर टेबलफॅन सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात.

नवीन पाणी जुन्याच्या एका अंशाच्या आत हवं. हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर लावा.

आजाऱ्यासाठी वेगळी बरणी

पाणी सुधारून दोन दिवसांत मासा सावरला तर औषधाचा विषयच संपला. नाही सावरला तर त्याला वेगळं काढा. मीठ आणि औषध मुख्य टाकीत घालू नका. वनस्पती जळतात, गोगलगायी मरतात, फिल्टरमधले जीवाणू जातात आणि आजार एका माशाचा असताना अख्खी टाकी बिघडते.

10-12 लिटरचा नवा, पारदर्शक प्लॅस्टिकचा टब घ्या. साबण कधीच न लागलेला हवा. मापाच्या भांड्याने 10 लिटर पाणी भरा आणि जिथे पातळी येईल तिथे बाहेरून मार्करने रेघ मारा. पुढे प्रत्येक मात्रा या रेघेवर ठरणार आहे, आणि मात्रा चुकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पाणी नक्की किती आहे ते माहीत नसणं. पाण्याची खोली 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, अशक्त माशाला हवेसाठी वर येताना दम लागतो. तळाला वाळू नको, म्हणजे विष्ठा आणि उरलेलं खाणं दिसतं, उचलता येतं. पृष्ठभागाजवळ टेकायला एखादं रेशमी कापडाचं पान लावा. कडक प्लॅस्टिकच्या पानांनी पर फाटतात. हीटर, थर्मामीटर आणि अगदी हळू सोडलेला एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) एवढं पुरे. वर झाकण हवंच, कारण फायटर उडी मारतो. पण पाणी आणि झाकण यांत चार-पाच सेंटिमीटर हवा ठेवा. टबाच्या तीन बाजू कापडाने झाका, अंधुकात तो शांत पडतो.

हलवताना जाळी वापरू नका. लांब पर जाळीच्या विणीत अडकून चिरतात. वाटी किंवा ग्लास पाण्यात आडवा करून त्याला पाण्यासकट आत घ्या.

या टबाला फिल्टर नाही, म्हणून रोज निम्मं पाणी बदलायचं. पहिले दोन दिवस खायला काही देऊ नका. मोठा फायटर आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण न खाल्लेला दाणा रात्रीत टब नासवतो.

मीठ, बदामाचं पान आणि निळं औषध

मीठ म्हणजे ॲक्वेरियम सॉल्ट किंवा काहीही न मिसळलेलं जाडं मीठ. पादेलोण नको, मोकळं वाहणारं टेबल सॉल्टही नको. सपाट भरलेला चहाचा चमचा म्हणजे साधारण 5 ग्रॅम. 10 लिटरला दोन चमचे, म्हणजे लिटरला एक ग्रॅम, ही सुरुवात. मीठ वेगळ्या भांड्यात पूर्ण विरघळवून अर्धं आत्ता आणि अर्धं बारा तासांनी घाला. खडे तसेच टाकले तर माशाच्या अंगाला टेकून जळजळ होते. पाणी आटलं म्हणून भर घालताना मीठ घालायचं नाही, कारण मीठ उडून जात नाही. पण पाच लिटर काढून पाच लिटर नवीन घातलं तर त्या पाच लिटरपुरतं, म्हणजे एक चमचा, घालायचं. हा हिशेब चुकला की चार दिवसांत पाणी दुप्पट खारट होतं. पुढे एखाद्या आजारासाठी वेगळं सांगितलेलं नसेल तर दहा दिवसांपेक्षा जास्त मिठात ठेवू नका.

देशी बदामाचं झाड मुंबईत, कोकणात, गोव्यात रस्तोरस्ती असतं. खायच्या बदामाचं झाड वेगळं, हे नव्हे. लालसर होऊन गळलेली आणि झाडाखाली वाळलेली पानं घ्या, बुरशी आलेली किंवा फवारणी झालेल्या जागेची नकोत. स्वच्छ धुवून, उकळतं पाणी ओतून, 10 लिटरला अर्धं ते एक पान. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं, ते बरोबर आहे. पानातलं टॅनिन जंतू आणि बुरशीला थोडा आळा घालतं. ही पथ्याची गोष्ट आहे, पूर्ण उपचार नव्हे, पण बरं होणाऱ्या फायटरला ती मानवते.

निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. बुरशीवर ते खरंच चांगलं आहे, पण थेंबांनी मोजू नका. बाटलीवर टक्केवारी बघा. 1 टक्का म्हणजे एका मिलीमध्ये 10 मिलिग्रॅम. लिटरला 2 मिलिग्रॅम द्यायचं तर 10 लिटरला 2 मिली लागतं. सुई काढलेल्या 2 मिलीच्या सिरिंजने मोजा. टक्केवारी छापलेलीच नसेल ती बाटली घेऊ नका. काचेच्या टाकीचं सिलिकॉन त्याने कायमचं निळं होतं, हेही लक्षात असू द्या.

पोटॅशियम परमँगनेट आणि मोरचूद यांच्या वाटेला जाऊ नका. दोन्हींत उपयोगी मात्रा आणि मारक मात्रा यांच्यात फारच थोडं अंतर आहे. आणि एका वेळी एकच औषध. तीन एकत्र घातली तर कशाने फायदा झाला आणि कशाने मेला, काहीच कळत नाही.

पांढरं दिसतंय, पण कसलं?

सगळ्यात जास्त मासे इथे दगावतात, कारण पांढऱ्या डागांचे आजार दिसायला सारखे आणि उपचार एकमेकांच्या उलट.

मिठाचे बारीक दाणे शिंपडल्यासारखे सुटे, टपटपीत ठिपके म्हणजे इक. मासा अंग दगडावर घासतो. हा परजीवी कातडीखाली असेपर्यंत कशालाच दाद देत नाही. तो गळून पडतो, तळाशी फुटतो, त्यातून निघालेली पिल्लं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. मरतात ती फक्त या शेवटच्या टप्प्यात. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणं चूक. तापमान दिवसाला दोन अंश या गतीने 30 पर्यंत न्या, म्हणजे चक्र लवकर फिरतं. मीठ दोन-तीन दिवसांत वाढवत 10 लिटरला चार चमच्यांपर्यंत न्या आणि किमान दहा दिवस तसंच ठेवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, एअर स्टोन चालूच हवा.

ठिपके नाहीत, पण पाठीवर खोगिरासारखा राखाडी-पांढरा पट्टा आहे, नाहीतर ओठ कापसासारखे पांढरे झालेत, तर तो जीवाणूजन्य कॉलम्नॅरिस असू शकतो. हा दोन दिवसांतही मासा नेतो आणि उष्णतेने आणखी भडकतो. इक समजून हीटर वाढवला तर आपणच त्याला जोर दिला. तापमान 24-25 वर ठेवा, मीठ लिटरला एक ग्रॅम घाला आणि त्याच दिवशी माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा, कारण इथे अँटिबायोटिक लागतं. घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून टाकू नका. टेट्रासायक्लिन गटातली औषधं जड पाण्यातल्या कॅल्शियमला बांधली जातात आणि बरीचशी निकामी होतात.

जखमेच्या जागी उभा, धाग्याधाग्याचा कापूस आला असेल तर ती बुरशी. निळं औषध तीन ते पाच दिवस, रोज निम्मं पाणी बदलून तेवढ्या पाण्यापुरती मात्रा पुन्हा घालायची.

टॉर्चच्या उजेडात सोन्याची पूड चमकली तर तो व्हेल्व्हेट. हा परजीवी काही अंशी उजेडावर जगतो, म्हणून टब चारही बाजूंनी झाकून अंधार करा, तापमान 28, मीठ इकसारखंच, दहा दिवस.

पर झडणं

काल अखंड असलेल्या पराचा तुकडा आज नाहीसा झाला, कडा स्वच्छ आहेत, तर तो फाटलाय किंवा माशाने स्वतःच चावलाय. पर कुजण्याचा आजार असा रात्रीत होत नाही. त्यात कड आधी काळपट किंवा लाल होते, मग ती दातेरी होऊन रोज थोडी मागे सरकते. पहिल्या प्रकारात स्वच्छ पाणी, बदामाचं पान आणि टाकीतल्या टोकदार वस्तू काढणं पुरेसं असतं. दुसऱ्यातही पहिले पाच दिवस रोज निम्मं पाणी आणि लिटरला एक ग्रॅम मीठ एवढंच करा. फोटो जुळवून बघा. कड मागे सरकायची थांबली तर औषध लागत नाही. अंगापर्यंत पोचली, बुडाशी लाली आली, तर पशुवैद्य.

पोट फुगणं आणि खवले उभे राहणं

फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं असं धरून चाला. दोन वेळा दोन-तीन दाणे पुरतात. पोट फुगून तिरका पोहत असेल तर तीन दिवस उपास. खवले चपटेच असतील तर एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, 10 लिटरला एक सपाट चमचा घालता येतं, त्याने पोट मोकळं व्हायला मदत होते. उपासानंतर गोठवलेले डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) द्या. वाटाणा भरवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण फायटर मांसाहारी आहे, त्याला वाटाणा नीट पचत नाही. गटारातल्या जिवंत लाल अळ्या तर मुळीच नकोत, आजार तिथूनच घरी येतो.

खवले चहूबाजूंनी उभे राहिले तर तो ड्रॉप्सी. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठल्याचं ते लक्षण आहे, आणि यातून थोडेच मासे उठतात हे स्पष्ट सांगायला हवं. एप्सम सॉल्ट, 27 अंश, निर्मळ पाणी आणि पशुवैद्यांचं अँटिबायोटिक, एवढंच हातात असतं. साधं मीठ इथे घालू नका.

तो दिवसेंदिवस कुशीवर पडून असेल, हवेसाठीही वर येता येत नसेल, तर यातना लांबवू नयेत. एक लिटर टाकीचंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्या. थोडं कोमट पाणी आणि लवंगेचं तेल छोट्या बाटलीत पांढरं होईपर्यंत हलवा. आधी एका थेंबापुरतं मिश्रण ओता, तो झोपेल. मग एकूण 10 थेंबांपर्यंत न्या. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच राहू द्या. फ्रिजरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं, दोन्ही क्रूर आहे. शेवटी कुंडीत किंवा झाडाखाली मातीत पुरा, नाल्यात टाकू नका.

परत टाकीत

लक्षणं गेल्यावर एक आठवडा तो टबातच राहू द्या. मीठ काढायचं म्हणजे रोजच्या निम्म्या बदलात मीठ न घालणं, तीन-चार दिवसांत ते आपोआप उतरतं. इक झाला असेल तर रिकामी टाकी तेवढे दिवस 28-30 अंशांवर चालू ठेवा, मासाच नसला की परजीवी उपाशी मरतो. हलवताना एअर ट्यूबला सैल गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने त्याच्या भांड्यात अर्धा तास पडू द्या. टब, वाटी, सायफनची नळी धुवून कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि आजारी माशाची बादली कायम वेगळी ठेवा. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, माशांचा एक क्षयवर्गीय जीवाणू माणसाच्या जखमेतही शिरतो.

पुढचे काही आठवडे पराच्या कडेला काचेसारखी पारदर्शक, पातळ झालर दिसेल. ती पाहून पुन्हा औषधाकडे हात जाऊ देऊ नका. तो नवा फुटलेला पर आहे, रंग त्यात नंतर भरतो.